पुण्यात ब्लॉगर कट्टा पुन्हा भरवावा का? आणि भरवला तर कशासाठी?

मुठाकाठची

नमस्कार मंडळी. मी नदीकाठच्या झाडापक्ष्यांवर ब्लॉग लिहिते. विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंत चालताना दिसेल ते. वाळुंजाला पालवी कधी फुटली, भिडे पूल पाण्याखाली गेला की वंचक कुठे जाऊन बसतात, असलं.

आकड्यांवरून लोक वाचतात असं दिसतं, पण बोलत कोणी नाही. तोच फोटो इन्स्टावर टाकला की बदाम पडतात, तेही मजकूर न वाचता. जुने ब्लॉगर सांगतात की एकेकाळी पुण्यात ब्लॉगवाल्यांचे कट्टे व्हायचे, त्यातून ओळखी झाल्या, लोक एकमेकांच्या घरच्या लग्नांनाही गेले. आजही या शहरात सायकलवाले भेटतात, पळणारे भेटतात, बोन्सायवाले भेटतात, फाउंटन पेनवालेसुद्धा भेटतात. मग ब्लॉगवाल्यांनी काय घोडं मारलंय?

कट्टा ठेवला तर कोण कोण येईल? आणि येऊन करायचं काय? नुसती ओळखपरेड आणि मिसळ नको, हे माझं मत.

नारायणपेठी

मिसळ नको म्हणालात तिथेच अर्धी गर्दी कमी झाली. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

टंकाळा_नाना

मी त्या काळातला. सविस्तर लिहितो, टंकाळा (टंकायचा कंटाळा) बाजूला ठेवून.

आधी एक गोष्ट समजून घ्या. २००५ च्या आसपास मराठीत ब्लॉग लिहिणं हेच मुळात खटाटोपाचं काम होतं. देवनागरी फॉन्टवाली श्रीलिपी पुण्याची, संगणकात भारतीय भाषा आणणारं सी-डॅक पुण्याचं, पेठांमधल्या गल्लोगल्ली डीटीपीवाले. पण त्यांनी टंकलेलं जालावर चिकटवलं की समोरच्याला चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसायची, कारण प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. कोणी लेखाचं चित्र करून चढवायचे, कोणी पीडीएफ. सगळ्या संगणकांवर अक्षर सारखं दिसेल असं युनिकोड आलं, बरहा आणि गमभन आलं, तेव्हा कुठे रोमन कळफलकावरून देवनागरी उमटायला लागली. नव्याने कोणी ब्लॉग काढला की त्याच्या पहिल्या लेखाखाली निम्मे प्रतिसाद 'रफार कसा काढायचा' याचेच असायचे. ओळखी तिथून सुरू झाल्या. एकमेकांची अडचण माहीत होती.

दुसरं म्हणजे यादी. मराठी ब्लॉग एकत्र दाखवणारी संकेतस्थळं होती. तुम्ही आपला पत्ता नोंदवायचा, मग नवा लेख टाकला की त्याचं शीर्षक सगळ्यांना एका पानावर दिसायचं. ऑफिसात चहा येईपर्यंत आम्ही ते पान चाळून टाकायचो. शिवाय आवडीच्या ब्लॉगांचे नवे लेख एका जागी दाखवणारा गूगल रीडर होता. कालच्या भागात कोणाचं भांडण कुठवर आलं होतं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. सांगायचा मुद्दा हा की कट्ट्यामुळे ओळखी झाल्या नाहीत. ओळखी आधीच झाल्या होत्या, कट्ट्यावर फक्त चेहरे कळले. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला, त्याच सुमारास एकेक यादी मरगळली, आणि लोक फेसबुकवर गेले.

तेव्हा आज एकमेकांचं अक्षरही न वाचलेली माणसं गोल करून बसवलीत तर ती फक्त स्वतःबद्दल बोलतील. आधी वाचन, मग भेट.

वाचनमात्र

नाना, +१. वाचनखूण साठवली.

डेक्कनक्वीन

नानांचा सुवर्णकाळ दरवेळी असाच चकाकतो. मीही होते तिथे, थोडं सांगते.

ती यादी छान होती, मान्य. पण प्रतिसाद देणारे ठरावीक पंधरावीस लोक. मी तुझ्याकडे 'वा! सुंदर!' लिहायचं, तू माझ्याकडे. कोणी खरोखर चुका काढल्या की 'कंपूबाज' म्हणून त्याचीच चर्चा. आणि भाषा एकदम नदीच्या अलीकडची, पेठांतली. माझ्या ओळखीच्या एकीने तिच्या गावच्या बोलीत लिहायला घेतलं, तर शुद्धलेखनाचे इतके धडे आले की तिने लिहिणं सोडलं.

बायकांचं वेगळंच. मी रोजच्या बसप्रवासावर लिहायचे. निनावी प्रतिसाद देणाऱ्या एकाने माझा बसथांबा कोणता, मी किती वाजता चढते हे लेखांवरून जुळवून खाली लिहून दाखवलं. वर 'गंमत केली हो'. त्यानंतर मी प्रतिसाद तपासूनच प्रसिद्ध करायला लागले आणि ठिकाणांची नावं बदलली. तरीही पुढच्या कट्ट्याला गेले ते 'यातला तो कोण?' हा विचार करत. तिथे पुरुषमंडळी आपापल्या ब्लॉगची वाटचाल सांगत होती आणि आम्हा बायकांना निरोप होता की खायला घरून काही आणाल का.

मुठाकाठची, कट्टा जरूर ठेव, पण चार गोष्टी आधीच लिहून टाक. दिवसाउजेडी, सार्वजनिक जागेत. टोपणनावाने आलं तरी चालेल. विचारल्याशिवाय फोटो नाहीत. आणि कोणी घरून काही आणायचं नाही.

टंकाळा_नाना

डेक्कनक्वीन, खाऊचा निरोप आमच्याच कोणीतरी धाडला असणार, नाकारत नाही. पण पंधरावीसच लोक होते हे पटत नाही. तुम्हाला दिसले तेवढे बोलणारे होते. न बोलणारे कितीतरी पट होते.

डेक्कनक्वीन

न बोलणाऱ्यांमध्येच तो बसथांबेवाला होता ना, नाना!

हिंजवडीचा_कैदी

इथे सगळे मराठी ब्लॉगच धरून चाललेत. पुण्यात इंग्रजीत लिहिणाऱ्यांची वेगळी वस्ती होती, आणि त्यातले अर्धे घरी मराठी बोलणारेच. २००६ पासून बारकॅम्प पुणे व्हायचं. आधीपासून ठरलेले वक्ते नाहीत, विषय नाहीत. सकाळी येऊन फळ्यावर विषय लिहायचा, ज्याला ऐकायचं तो त्या खोलीत जाणार. कंटाळा आला तर मधूनच उठून दुसरीकडे जायची मुभा, कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही. २००८ पासून पुणेटेक या संकेतस्थळावर शहरातल्या असल्या भेटींची माहिती एका जागी मिळायला लागली. 'या शनिवारी काय आहे?' याला उत्तर मिळालं की माणसं आपोआप भेटतात.

अजून एक. जुलै २००६ आठवतोय का कोणाला? मुंबईच्या लोकलमधल्या ११ जुलैच्या स्फोटांनंतर सरकारने दीडएक डझन पत्ते बंद करायला सांगितले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी ते नेमके वेगळे काढण्याऐवजी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. स्वतःचा ब्लॉग स्वतःलाच दिसेना! त्या काही दिवसांत देशभरचे ब्लॉगवाले एकमेकांना वळसे घालून पानं कशी उघडायची ते सांगत होते, माहितीच्या अधिकारात अर्ज लिहीत होते. पाककृतीवाले, क्रिकेटवाले, कवी, सगळे एका ठिकाणी. एरवी त्यांनी एकमेकांकडे पाहिलंही नसतं.

सगळ्यांना सारखाच त्रास असला की एकी होते. आज असा त्रास कोणता, ते शोधा. कट्ट्याचा विषय मिळेल.

सुगरणीचा_खोपा

त्रास? चोरी! मी सांगते.

मोदकाच्या कळ्या का चिरतात यावर मी एक लेख लिहिला होता. पिठी कोणत्या तांदळाची, उकड किती मळायची, पारी कडेला पातळ आणि मध्ये जाड का ठेवायची, सगळं फोटोंसकट. गणपतीच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॅपवर नणंदेचा निरोप: 'वहिनी, हे वाच. कोणी लिहिलंय माहीत नाही, पण तुझे फुटतात ना, तुला उपयोग होईल.'

खाली माझाच लेख. माझ्याच हाताचा फोटो, बांगड्यांसकट. नाव तेवढं कापलेलं.

नारायणपेठी

बांगड्या ओळखल्या नाहीत नणंदेने? तिनेच दिल्या नसतील ना?

सुगरणीचा_खोपा

तिनेच दिल्या होत्या. आता पुढे विचारू नका.

कॅफीनग्रस्त

माझ्या वडिलांच्या सायकलवरचा लेख तीन महिन्यांनी मला पु. ल. देशपांडे यांच्या नावाने परत आला. लेखात मोबाइल आहे, पीएमपीएमएलची बस आहे. पुलं २००० साली गेले, पीएमपीएमएल २००७ ची. कोणालाही शंका आली नाही. 'असं लिहिणारे आता राहिले नाहीत' हे वर.

नारायणपेठी

अभिनंदन! आम्ही इतकी वर्षं लिहितोय, आमचं कोणी चोरतही नाही.

अनुस्वार

चोरीबद्दल थोडं, कारण याच कामात आहे. भारतात प्रताधिकार (कॉपीराइट) मिळवायला नोंदणी करावी लागत नाही. लेख लिहिलात, प्रसिद्ध केलात, हक्क तुमचा. १९५७ च्या कायद्यातलं ५७ वं कलम लेखकाला आणखी एक हक्क देतं: आपलं लेखन आपल्या नावाने ओळखलं जावं हा. हक्क विकून टाकले तरी तो उरतो. पाककृतीत मात्र जिन्नस आणि प्रमाण यांवर कोणाची मालकी नसते. तुम्ही ती सांगितली ते शब्द आणि काढलेले फोटो तुमचे. त्यामुळे कोणी तुमच्या पद्धतीने मोदक केले तर तक्रार नाही, तुमचा परिच्छेद उचलला तर आहे.

दुसऱ्या ब्लॉगवर माल सापडला तर गूगलकडे तक्रारीचा अर्ज असतो. मूळ लेखाचा पत्ता आणि तारीख दिली तर पान हटतं, मी हटवून घेतली आहेत. व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या मजकुराच्या मागे लागू नका. फार तर लेखाच्या मधल्याच एखाद्या वाक्यात आपलं किंवा ब्लॉगचं नाव गुंफा. शेवटी लिहिलेलं नाव कापलं जातं, मधलं शोधायचे कष्ट कोणी घेत नाही.

सुगरणीचा_खोपा

'आमच्या खोप्यात उकड अशी मळतात' असं? हे भारी आहे. धन्स!

गडवाट

मला नानांचंही पटतं आणि डेक्कनक्वीनचंही, पण दोघं 'भेटलं म्हणजे समूह झाला' असंच धरून चाललेत. माझा भटकंतीचा ब्लॉग आहे. माझे वाचक मला कधी भेटले नाहीत, भेटायची गरजही नाही.

पाली दरवाजाने राजगड चढण्यावर २०११ साली लेख लिहिला. वाटेचं वर्णन, गाडी कुठे लावायची, पाणी कुठे, एवढंच. लेख केव्हाच जुना झाला, पण त्याखालचे प्रतिसाद ताजे आहेत. दर पावसाळ्यानंतर कोणीतरी लिहितं: अमुक पायऱ्या ढासळल्यात, टाक्यातलं पाणी पिऊ नका, वेल्ह्याची एसटी आता या वेळेला सुटते, वाजेघरात जेवायला आधी फोन करा. त्यावर दुसरा कोणी म्हणतो, काल जाऊन आलो, ठीक आहे. एकदा वाटेत हरवलेली टोपीसुद्धा मालकाला परत मिळाली. यातला एकही माणूस मी पाहिलेला नाही.

आता यातलं बहुतेक फेसबुकच्या गटांत गेलं. तिथे तीच माहिती रोज नव्याने विचारली जाते, कारण कालचं उत्तर आज सापडत नाही.

हिंजवडीचा_कैदी

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. शोधून सापडणं हाच ब्लॉगचा खरा गुण.

कॅफीनग्रस्त

सापडण्याचे तोटे पण सांगा गडवाट. ताम्हिणीकडच्या कुठल्याशा धबधब्याचा लेख तुम्ही काढून टाकला होतात ना?

गडवाट

नकाशा काढला, लेख आहे. ठिकाणाचं नाव इथेही देत नाही. लेख आला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात तिथे स्पीकर आणि बाटल्या पोचल्या. माझ्यामुळेच असं नाही, पण हातभार लागलाच असणार. त्याखाली राहणाऱ्यांचं पिण्याचं पाणी त्याच ओढ्याचं आहे.

पिंपळे_निळख

म्हणजे तुम्ही बघून घ्यायचं आणि आम्हाला नकाशा नाही. सातबाऱ्यावर नाव आहे का तुमचं? गर्दी ब्लॉगमुळे होत नाही, लोकांच्या हातात सुट्टी आणि गाडी आली म्हणून होते. कचरा करणाऱ्याला दंड करा, माहिती का दडवता? आधी माहिती वाटून नाव मिळवायचं आणि मग दार लावून घ्यायचं.

गडवाट

सातबारा त्या ओढ्यावर राहणाऱ्यांचा आहे, आणि नकाशा काढा हे त्यांनीच सांगितलं. तुम्हाला जायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाट सांगतो. एवढे कष्ट जो घेतो तो सहसा बाटल्या टाकून येत नाही.

पिंपळे_निळख

व्यनि केला आहे. मत बदललेलं नाही.

मावशी_कोथरूड

अवांतर: कट्ट्याला ते फुकट जेवणारे ब्लॉगर येणार असतील तर मी येणार नाही. आमच्या गल्लीत नवीन हॉटेल उघडलं, मालक सांगत होता की 'लिहितो, चौघांचं जेवण द्या' म्हणून रोज कोणीतरी फोन करतं. न दिल्यास काय लिहितील तेही सूचित करतात.

अनुस्वार

मावशी, त्यालाही नियम झालेत. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये सांगितलं की पैसे किंवा वस्तू घेऊन लिहिलं तर तसं ठळक लिहा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही सूचना काढल्या. फुकट जेवणही त्यात मोडतं. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

नारायणपेठी

५० लाखांत किती थाळ्या होतील हो?

सुगरणीचा_खोपा

सगळे खाद्यब्लॉगर तसले नसतात एवढं नोंदवून ठेवते. आमचा गॅस, आमचं खोबरं, आमची भांडी.

टंकाळा_नाना

सुगरणताईंना अनुमोदन.

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात आहे. आमच्यातले एक काका पेठांवर लिहायचे. कुठल्या वाड्यात कोणता छापखाना होता, हौद कुठे बुजवले, कोणत्या बोळातून कात्रजच्या पाण्याचे उच्छ्वास (जुन्या नळाची हवा सोडायची बांधकामं) दिसायचे. सगळं स्वतः फिरून, म्हाताऱ्या माणसांना विचारून. खाली वाचकांनी घातलेली भर तर लेखांहून मोठी होती. अमेरिकेतून कोणी लिहायचं, 'हा आमचा वाडा, जिन्याखाली विहीर होती'. काका गेले. मुलाला ब्लॉग आहे हे माहीत होतं, पासवर्ड माहीत नव्हता. ब्लॉग अजून दिसतो. पण दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसून टाकायची मुभा गूगलने २०२३ पासून स्वतःकडे घेतली आहे. ते पान एके दिवशी उघडणार नाही, आणि का ते विचारायलाही कोणी नसेल.

लोकांची फुकट संकेतस्थळं ठेवणारी जुनी जिओसिटीज अशीच गेली २००९ मध्ये. ऑर्कुट २०१४ मध्ये. गूगल प्लसवर आमच्यातल्या काहींनी संसार थाटला होता, तो २०१९ ला उठला.

हिंजवडीचा_कैदी

नाना, त्या काकांचं पान वेबॅक मशीनवर, म्हणजे जालावरची पानं जपून ठेवणाऱ्या संग्रहात, टाकता येतं. पासवर्ड लागत नाही. पत्ता द्यायचा आणि 'सेव्ह' करायचं, पण एकेक लेख वेगळा टाकावा लागेल. लेख किती आहेत?

टंकाळा_नाना

दोनशेच्या वर असतील.

हिंजवडीचा_कैदी

मग एकट्याचं काम नाही. दहा जण बसलो तर दुपारभरात होईल.

आणि ज्यांचे ब्लॉगस्पॉटवर चालू ब्लॉग आहेत त्यांच्यासाठी: सेटिंग्जमध्ये बॅकअप आहे, सगळे लेख आणि प्रतिसाद एका फायलीत उतरतात. फोटो मात्र त्यात येत नाहीत, फक्त त्यांचे दुवे येतात, ते वेगळे उतरवायचे. शिवाय गूगल खात्यात इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे. अमुक महिने खातं हललं नाही तर कोणाला कळवायचं, काय द्यायचं हे तिथे आधीच नोंदवता येतं. बायको, मुलगा, मित्र, कोणाचंही नाव घाला.

डेक्कनक्वीन

बायको म्हणजे 'जोडीदार' म्हणायचं असेल. हलकेच घ्या.

माझा ब्लॉग मी कधीच बंद केला, पण बॅकअप घेतलेला नाही. ओळखपरेडीला आले नसते, या कामाला येते.

मुठाकाठची

मंडळी, मला विषय मिळाला! ओळखपरेड रद्द. प्रत्येकाने लॅपटॉप आणायचा. आधी काकांचे लेख वाटून घेऊन जतन करायचे, मग आपापला बॅकअप. आणि येण्याआधी, नाना म्हणतात तसं, येणाऱ्या प्रत्येकाने बाकीच्यांचा निदान एक लेख वाचून त्यावर प्रतिसाद टाकलेला हवा. 'वा, छान' चालणार नाही. ब्लॉगचे पत्ते मला व्यनि करा, मी यादी करून सगळ्यांना धाडते. ज्यांना पटेल त्यांनी ती आपल्या ब्लॉगच्या कडेला लावावी.

डेक्कनक्वीनचे चारही नियम लागू. मराठी, इंग्रजी, बोली, सगळं चालेल. जागा सुचवा.

कॅफीनग्रस्त

पाताळेश्वर! कट्ट्यांची परंपरागत जागा.

हिंजवडीचा_कैदी

लेण्यात प्लग पॉइंट नाहीत, साहेब.

नारायणपेठी

आठव्या शतकात खोदलं, एवढं तरी बघायला हवं होतं त्यांनी.

कॅफीनग्रस्त

मग फर्ग्युसन रस्त्यावर एखाद्या हॉटेलात?

मावशी_कोथरूड

रविवारी? तिथे तुमचा डोसा संपायच्या आत पुढचा माणूस खुर्चीला हात लावून उभा असतो. दोनशे लेख कुठे जतन करताय! आमच्या सोसायटीचा हॉल एरंडवण्यात आहे, नळ स्टॉप मेट्रोपासून चालत. वायफाय आहे, पंखे आहेत. सेक्रेटरीला विचारते. चप्पल बाहेर, आवाज कमी, आणि दुपारी २ ला हॉल भिशीला द्यायचा असतो, तेव्हा वेळेत उठा.

पिंपळे_निळख

पिंपरी-चिंचवडकरांना प्रवेश आहे ना? डिस्ट्रिक्ट कोर्टला मेट्रो बदलून येईन. गडवाट येणार असतील तर समोरासमोर भांडायचं आहे.

गडवाट

येतोय. राजगडचे प्रतिसाद उतरवून घ्यायचे आहेत.

वाचनमात्र

माझा ब्लॉग नाही. तुमच्यापैकी बहुतेकांचे वाचलेत, लिहिलं कधीच नाही. येऊ का?

डेक्कनक्वीन

बसने फिरता का?

वाचनमात्र

नाही हो, स्कूटर आहे!

मुठाकाठची

या. पण प्रतिसादाचा नियम तुम्हालाही आहे. आणि स्कूटर असेल तर येताना एक्स्टेन्शन बोर्ड आणा, दोन मिळाले तर दोन.